साडेएकची घंटा

इंग्रजीच्या बाईंना शाळेत येऊन एक वर्ष, अकरा महिने आणि काही दिवस झाले होते. ते काही दिवस नेमके किती, हे बाईंना विचारलं असतं तर त्यांनी बोटं न मोजता सांगितलं असतं. पण विचारलं कुणीच नव्हतं. दोन वर्षं भरली की माणूस कायम होतो, असं नियमात होतं. बाई त्रेचाळीस वर्षांच्या होत्या आणि आजवर पाच शाळांमध्ये तात्पुरत्या राहिल्या होत्या. तात्पुरत्या माणसाला स्टाफरूममध्ये खुर्ची मिळते, कपाट मिळत नाही. बाईंचे खडू, शब्दपट्ट्या, पुठ्ठ्याचं घड्याळ आणि एक जास्तीची छत्री हा सगळा संसार एका कापडी पिशवीत असायचा आणि रोज त्यांच्याबरोबर शाळेत येऊन रोज त्यांच्याबरोबर घरी जायचा. छत्री फक्त दोनदा उघडली गेली होती.

कायम व्हायला दोन गोष्टी लागत. तपासनीस साहेबांचा बरा शेरा, आणि त्याखाली मोठ्या सरांची सही. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. उंचीनं ते बेताचेच होते, पण शाळेत त्यांच्याहून मोठं कुणी नव्हतं. त्यांनी आजवर कुणालाही सही नाकारली नव्हती. ते फक्त पेन शोधत बसायचे. एका चित्रकलेच्या सरांसाठी त्यांनी सव्वादोन वर्षं पेन शोधलं होतं.

तपासणीच्या महिन्यात चौथीला धडा आला तो इंग्रजीत वेळ सांगण्याचा. बाई खूश झाल्या. हा धडा त्यांचा हातखंडा होता. व्याकरण दिसत नाही, स्पेलिंग दिसत असलं तरी बघवत नाही; घड्याळ मात्र भिंतीवर टांगता येतं आणि तपासनीस साहेबांना बोटानं दाखवता येतं.

अडचण एवढीच होती की वर्गात घड्याळ नव्हतं. शाळेचं एकुलतं एक घड्याळ व्हरांड्यात, घंटेच्या वर होतं, आणि ते वर्गातून दिसत नसे. बाईंनी घरचं स्वयंपाकघरातलं घड्याळ काढलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्यानं त्यात नवा सेल घातला, मोबाइलशी ताडून सेकंदावर सेकंद लावला.

"मी दूध कशावर बघून तापवू?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही कधी घड्याळ बघून दूध तापवलंय?"

"बघत नव्हते. पण होतं ना ते तिथं."

घड्याळ चौथीच्या फळ्याच्या वर लागलं. बाईंनी खडूनं एक मोठं वर्तुळ काढलं, बारापासून सहापर्यंत उभी रेघ मारली आणि उजव्या अर्ध्या भागात लिहिलं, 'पास्ट'. झालेल्या तासाचं नाव घ्यायचं आणि वर किती मिनिटं झाली ते सांगायचं. टेन पास्ट वन. क्वार्टर पास्ट वन. हाफ पास्ट वन. आणि हीच वेळ नुसते आकडे वाचूनही सांगता येते. वन टेन. वन फिफ्टीन. वन थर्टी.

"मग दोन दोन कशाला?" ज्या मुलीला वर्गात सगळे 'शंका' म्हणत तिनं विचारलं. तिचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथंच राहायचं.

"ज्याला गाडी पकडायचीय तो आकडे वाचतो," बाई म्हणाल्या. "ज्याची गाडी चुकलीय तो 'पास्ट' म्हणतो."

वर्गाला हे पटलं. सव्वा म्हणजे क्वार्टर पास्ट, साडे म्हणजे हाफ पास्ट, हेही पटलं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी दीडला इंग्रजीत काय म्हणतात ते विचारलं. हाफ पास्ट वन, बाई म्हणाल्या. आणि अडीचला? हाफ पास्ट टू. इंग्रजीसारख्या एवढ्या मोठ्या भाषेत दीडला स्वतःचा शब्द नाही आणि अडीचलाही नाही, हे मुलांना खरं वाटेना.

"म्हणजे ते साडेएक म्हणतात?"

"तसंच काहीसं."

"साडेएक! साडेदोन!" अडतीस मुलं बाकांवर लोळून हसली. त्या दिवसापासून चौथीत मधल्या सुट्टीला साडेएक म्हणू लागले, कारण वेळापत्रकात मधली सुट्टी दीडला होती.

वर्तुळाचा डावा भाग बाईंनी पुसून टाकला. तिथं 'टू' होतं, म्हणजे पुढच्या तासाला किती मिनिटं कमी आहेत ते. तास अजून वाजलाच नाही तर त्याचं नाव आधीच का घ्यायचं, यावर शंकानं हात वर केला होता, आणि घंटा व्हायला आली होती. "ते नंतर," बाई म्हणाल्या.

तपासनीस साहेबांना जीवनाशी जोडलेला अभ्यास आवडतो, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणत. कुणाच्या जीवनाशी, ते कुणी सांगत नसे. बाईंनी 'घंटेची वही' काढली. मधल्या सुट्टीची घंटा झाली की भिंतीवरच्या घड्याळात बघायचं आणि वेळ इंग्रजीत दोन्ही रीतींनी लिहायची. सुट्टी संपल्याची घंटा झाली की पुन्हा तेच. एक आठवडा.

आठवड्यानं अडतीस वह्या गोळा झाल्या. बाईंनी पहिली उघडली. 'इट इज ट्वेंटी पास्ट वन. इट इज वन ट्वेंटी.' भाषा चोख, वेळ चूक. बाईंनी दुसरी उघडली. ट्वेंटी पास्ट वन. तिसरी, चौथी, दहावी. सगळ्यांनी एकमेकांचं बघून लिहिलं असणार. पण ज्या मुलांना 'सनडे'चं स्पेलिंग एकमेकांचं बघून नीट उतरवता येत नाही, ती अडतीस जण पाचही दिवस एकच चूक इतक्या टापटिपीनं कशी करतील? सुट्टी संपल्याची वेळही सगळीकडे तीच होती. फाइव्ह पास्ट टू. वेळापत्रकात दोन होते.

मग घड्याळच पुढेमागे असेल. बाईंनी पर्समधून मनगटी घड्याळ काढलं. ते त्या शाळेत हातावर घालत नसत, कारण शिकवताना मनगटाकडे बघणाऱ्या बाईंकडे मुलं दयेनं बघतात. भिंतीवरचं घड्याळ बरोबर होतं.

जवळजवळ दोन वर्षं बाई रोज त्या घंटेसरशी वर्गाबाहेर पडत होत्या आणि एकदाही त्यांनी किती वाजले ते बघितलं नव्हतं. सुट्टीची घंटा झाली की शिक्षक घड्याळ बघत नाहीत, दार बघतात.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला त्यांचा वर्ग नव्हता, चौथ्यालाही नव्हता. त्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. एक वीसला समोरच्या टपरीवरचा चहावाला आला आणि ऑफिसच्या दारात किटली ठेवून गेला. किटलीचा आवाज ऐकताच शिपाई उठला. त्याला सगळे घंटामामा म्हणत. त्यानं घंटा दिली, मग खिडक्या उघडायची लांब काठी घेतली आणि वरच्या घड्याळाचा मोठा काटा अलगद चारवरून सहावर ढकलला. घड्याळाला काच नव्हती. काच असली की काठी पोचत नाही.

"मामा, हे काय?"

"घड्याळ लावतोय."

"कशावर?"

"घंटेवर."

"आणि घंटा कशावर दिली?"

"चहावर," मामा म्हणाला. "दहा मिनिटं थांबलं की साय धरते. मोठ्या सरांना साय चालत नाही. त्यांच्या आधीच्या मोठ्या सरांनासुद्धा चालत नव्हती."

"मग सुट्टी संपते कधी?"

"कप धुऊन झाले की."

"आणि शाळा?"

"माझी बस चार बावन्नला आहे. चार पन्नासला घंटा दिली की गाठता येते. पुढची एकदम पाच चाळीसला."

बाईंना आठवलं, आपल्यालाही नेहमी बस लवकर मिळते, आणि आपण त्याचं श्रेय नशिबाला देत आलो.

"पण मामा, अशानं घड्याळ चुकत नाही?"

मामाला ते लागलं. त्यानं काठी भिंतीला टेकवून ठेवली. "बाई, तेवीस वर्षं झाली मला. सुट्टीची घंटा झाली आणि या घड्याळात दीड वाजले नाहीत, असा एक दिवस गेलेला नाही. कुणालाही विचारा."

हे खरंच होतं. सकाळी एक, दुपारी दोन आणि संध्याकाळी एक, असे चार धक्के खाऊन ते घड्याळ वेळापत्रकाशी मिनिटाचाही फरक पडू देत नव्हतं. शहरात इतकं आज्ञाधारक घड्याळ दुसरं नसेल.

वह्या तपासणीसाठी ऑफिसात जमा करायच्या होत्या. त्या गेल्या, आणि तासाभरात बाईंना बोलावणं आलं. मोठ्या सरांसमोर वह्यांचा गठ्ठा होता आणि मागं भिंतीवर वेळापत्रक. त्याला सोनेरी फ्रेम होती.

"बसा बाई. उपक्रम छान आहे," मोठे सर म्हणाले. "फक्त मुलांनी वेळ चुकीची लिहिलीय."

"सर, मुलांनी घड्याळ बघून लिहिलंय."

"तेच म्हणतोय मी. वेळापत्रक बघून लिहायला हवं होतं."

"पण घंटा एक वीसलाच होते."

"होते, असं कोण म्हणतं?"

"अडतीस मुलं."

"मुलं चौथीतली आहेत बाई. त्यांना घड्याळ कळायला लागून किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"बघा," मोठे सर म्हणाले, आणि तीन आठवड्यांचा अनुभव म्हणजे काय, हे बाईंना समजायला त्यांनी थोडा वेळ दिला. "अमुक करा असं मी सांगत नाही. मी कधी सांगितलंय? गुरुवारी तपासनीस साहेब येतायत. तुमच्या दोन वर्षांचा शेरा त्याच दिवशी लिहायचाय. ते वह्या बघतात. आता मुलांच्या चुका आपण नाही काढायच्या तर कुणी काढायच्या?"

एवढं बोलून ते टेबलावर पेन शोधू लागले. त्या वेळी त्यांना कशावरच सही करायची नव्हती.

बाई वह्या पिशवीत घालून घरी आल्या. जेवणाआधी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर गठ्ठा मांडला आणि लाल पेन घेऊन बसल्या. भिंतीवर जिथं घड्याळ असायचं तिथं एक गोल, पांढरा डाग होता. सासूबाई भाजी निवडत होत्या. नवरा हाताला लागलेलं ग्रीस साबणानं घासत होता. बाईंनी सगळं सांगितलं.

"आमच्याकडे एक बिल्डिंग आहे," नवरा नळ बंद करत म्हणाला. "तिथं तेरावा मजलाच नाही. बारा झाला की चौदा. लिफ्टमध्ये बटणच नाही तेराचं."

"मग?"

"मग काय? राहतात ना लोक."

"कुठं?"

"तेराव्यावर. त्यांना चौदावा म्हणतात."

"त्यांना माहीत नाही?"

"माहितेय की. पण लिफ्ट थांबते. पत्रं येतात. कुणाचं काय अडतंय?"

"तू कर गं," सासूबाई म्हणाल्या. त्या पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होत्या आणि अजूनही समोरच्याला ऐकू येत नसल्यासारख्या मोठ्यानं बोलत. "लाल शाईनं कुणी दगावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सहावी शाळा शोधत फिरणारेस का? त्या पिशवीचे बंद तीनदा शिवलेत मी."

"तसं नाही आई, पण—"

"पोरांना काय सांगशील मग?"

"पोरं कुठं विचारतात?"

"चौथीतली?" सासूबाईंनी निवडलेली काडी तशीच हातात धरली. "न विचारायला काय धाड भरलीय त्यांना?"

बाईंनी पहिली वही ओढली. 'ट्वेंटी पास्ट वन'वर फुली मारली आणि वर लिहिलं, 'हाफ पास्ट वन'. दुसऱ्या वाक्यावर फुली, वर 'वन थर्टी'. असं पाच दिवसांचं, दोन्ही घंटांचं. पहिल्या वहीला चार मिनिटं लागली. सहाव्या वहीला दोन. बाराव्या वहीपर्यंत हात इतका बसला की काय खोडलंय ते वाचावंही लागेना. खोटं लिहिण्यातला सगळा त्रास पहिल्या पाचसहा वह्यांतच असतो, हे बाईंना नव्यानं कळलं आणि त्यांनी ते स्वतःजवळच ठेवलं.

एकोणिसावी वही शंकाची होती. तिनं वाक्यांच्या बाजूला पट्टीनं घड्याळ काढलं होतं. मोठा काटा चारवर. छोटा काटा मात्र एकवर नव्हता. एक आणि दोनच्या मधल्या अंतराचा तिसरा भाग ओलांडून थांबला होता. वीस मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा भाग, तर छोट्या काट्यानंही तेवढंच चालायला हवं. हे बाईंनी वर्गात एकदाच, घाईघाईत सांगितलं होतं. अडतिसांतल्या एकीनं ते ऐकलं होतं. बाईंनी वाक्यांवर फुल्या मारल्या. घड्याळाशी पेन घुटमळलं. मग त्यावरही एक फुली मारली.

विसावी वही त्यांनी उघडली आणि उघडीच ठेवली. नवऱ्यानं ताटं घेतली, सासूबाईंनी हाक मारली, जेवणं झाली. बाई परत येऊन बसल्या तरी वही तशीच होती. त्यांना काही फार मोठा निश्चय वगैरे झाला नव्हता. फक्त फुली मारायला हात उचलत नव्हता, इतकंच. कोऱ्या वह्या देता येत नाहीत, म्हणून उरलेल्या एकोणीस वह्यांवर त्यांनी भराभर बरोबरच्या खुणा केल्या. मग फुल्यांच्या वह्या गठ्ठ्यात वर ठेवल्या आणि खुणांच्या खाली. तपासनीस वरच्या चार वह्या बघतात, हे पाच शाळांमध्ये त्या शिकल्या होत्या.

गुरुवारी घंटामामा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तपासनीस साहेब किडकिडीत, सौम्य गृहस्थ होते. जेवणाचा डबा त्यांनी बरोबर आणला होता आणि तो कुठं ठेवू असं त्यांनी तीन जणांना विचारलं. सकाळभर त्यांनी ऑफिसात कागद बघितले. त्यांच्यासाठी तासांची अदलाबदल करून चौथीचं इंग्रजी चौथ्या तासाला, मधल्या सुट्टीच्या आधी ठेवलं होतं. ते मागच्या बाकावर, गुडघे कसेबसे आत घेऊन बसले. मोठे सर दारात उभे राहिले.

बाईंनी छान शिकवलं. पुठ्ठ्याचं घड्याळ फिरलं, मुलं पुढं आली, पास्ट झालं, आकडे झाले. साहेबांनी दोनदा मान हलवली. मग ते म्हणाले, "ती तुमची घंटेची वही ऐकली मी. वाटा की वह्या. मुलांनाच वाचू द्या."

बाई गठ्ठ्याकडे बघत राहिल्या. वर काय आणि खाली काय, याला आता काही अर्थ उरला नव्हता.

वह्या वाटल्या. हातात वही आली की मूल आधी शेजारच्याची बघतं. दोन मिनिटांत शंकाचा हात वर गेला.

"बाई, माझं चूक आणि हिचं बरोबर कसं काय? दोघींनी एकच लिहिलंय."

"नंतर बघू आपण."

"पण बाई, हिनं तर माझंच बघून लिहिलंय."

"ए! मी नाही हं!" शेजारीण उसळली. "मी माझं माझं बघितलंय. बाई, ही खोटं बोलतेय."

"कधीच नाही बघत? परवा पेन्सिल कुणाची होती?"

वर्ग हसला. साहेब बाकातून सुटून पुढं आले. त्यांनी दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि चष्मा वर करून वाचल्या.

"बाई, यातलं बरोबर कुठलं?" त्यांनी विचारलं, आणि ते स्वभावानं खरोखरच चांगले असल्यामुळे लगेच म्हणाले, "एखादी वही नजरचुकीनं राहून जाते. इतक्या वह्या असतात."

दारातून मोठ्या सरांनी जोरात मान डोलावली. बाईंना फक्त 'हो' म्हणायचं होतं. शेजारणीच्या वहीतही तशाच फुल्या मारायच्या होत्या, त्याला मिनिटभर लागलं असतं; या कामात त्यांचा हात आता बसला होता. त्यांनी शंकाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आशाही नव्हती. तिला फक्त हवं होतं उत्तर. ते मिळालं असतं तर ते तिनं लक्षात ठेवलं असतं, जसं छोट्या काट्याचं ठेवलं होतं.

"खूण केलेलं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "फुल्या माझ्या चुकीच्या आहेत. एकोणीस वह्यांमध्ये आहेत."

साहेबांनी चष्मा खाली केला. "म्हणजे मधली सुट्टी एक वीसला होते?"

"हो."

"वेळापत्रकात दीड आहे."

"हो."

साहेबांनी फळ्याच्या वर बघितलं. एक अठरा झाले होते. "मग दोन मिनिटांत कळेलच," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसले.

एक वीस झाले. व्हरांड्यात किटली टेकल्याचा आवाज आला. चौथीतल्या अडतीस मुलांनी दप्तरातून अडतीस डबे काढून बाकावर ठेवले. घंटा झाली नाही.

मुलांनी घड्याळाकडे बघितलं, मग दाराकडे, मग एकमेकांकडे. दारातून मोठे सर नाहीसे झाले होते. बाहेर घंटामामा दोरी हातात धरून, मोठ्या सरांनी दिलेल्या मनगटी घड्याळावर डोळे लावून उभा होता. तेवीस वर्षांत त्यानं मधल्या सुट्टीची घंटा देण्यासाठी घड्याळ बघण्याची ही पहिलीच वेळ असावी.

"इट इज ट्वेंटी-वन पास्ट वन," कुणीतरी हळूच म्हणालं.

"इट इज वन ट्वेंटी-वन," दुसऱ्या कोपऱ्यातून आलं.

मिनिट सरकलं की आवाज वाढत गेला. ट्वेंटी-फोर पास्ट वन. वन ट्वेंटी-फोर. डब्यांच्या झाकणांवर हात ठेवून, भुकेल्या पोटानं, कुणी न विचारता, कुणी न चुकता अख्खा वर्ग दर मिनिटाला दोन्ही रीतींनी वेळ सांगत होता. सबंध वर्षात असा सराव झाला नव्हता. साहेब ऐकत होते. बाई फळ्याला टेकून उभ्या होत्या आणि खडूचा डबा उगाच उघडत होत्या, मिटत होत्या. बाहेर चहावर साय धरत होती.

"हाफ पास्ट वन!" सगळे ओरडले, आणि घंटा झाली. मागून एक आवाज आला, "साडेएक!"

वर्ग रिकामा झाल्यावर साहेबांनी वही मिटली. "बाई, घंटा दीडला झाली."

"आज झाली."

"मी आजचंच लिहू शकतो," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मग त्यांनी आपला डबा कुठं ठेवला होता ते विचारलं.

शुक्रवारी घंटा एक वीसला झाली. बाईंनी एकोणीस जणांना टेबलाशी बोलावून आपली एकेक फुली खोडली आणि प्रत्येक खोडलेल्या फुलीशेजारी सही केली, कारण खाडाखोडीशेजारी सही करायची असा शाळेचा नियम होता. शंकाच्या वहीत एक सही घड्याळाशेजारी जास्तीची झाली. गुरुवारच्या तारखेला सगळ्यांनी आपणहून 'हाफ पास्ट वन' लिहिलं होतं. तिथं बाईंनी अडतिसांनाही बरोबर दिलं.

शेरा आठ दिवसांनी आला. 'शिक्षिकेचे विषयज्ञान समाधानकारक. मुलांचा तोंडी सराव उत्तम. तथापि वह्यांच्या तपासणीत सातत्य नाही, व शाळेच्या वेळेबाबत शिक्षिकेचा गोंधळ दिसून आला. प्रोबेशन एक वर्षाने वाढवावे.' खाली मोठ्या सरांची सही होती. या वेळी त्यांना पेन लगेच सापडलं होतं.

"मी म्हटलं होतं ना, अमुक करा असं मी सांगत नाही म्हणून," मोठे सर म्हणाले. "पुढं काय शिकवताय आता?"

"टू."

"म्हणजे?"

"पुढच्या तासाला किती मिनिटं कमी आहेत ते. आठवडाभर शेवटच्या घंटेची वेळ लिहायला सांगणारेय."

मोठ्या सरांनी मागं वळून सोनेरी फ्रेमकडे बघितलं.

घरी नवरा म्हणाला, "एक वर्ष काय, जाईल." सासूबाई म्हणाल्या, "तात्पुरतेपण तरी कायम झालं म्हणायचं," आणि पिशवीचा बंद बघायला घेतला.

सोमवारी चौथीच्या दारात घंटामामा आला. त्यानं आत पाऊल टाकलं नाही.

"बाई, ऐकलं ते खरं का? शेवटच्या घंटेचं लिहायला सांगितलंत?"

"हो मामा."

"माझी बस चार बावन्नला आहे."

"माहितेय मला."

"पुढची पाच चाळीसला."

"मामा, मी त्यांना किती वाजता लिहा ते सांगितलेलं नाही. तुम्ही जेव्हा द्याल तेव्हा जे वाजले असतील ते लिहितील."

मामा चौकटीला धरून उभा राहिला. मुलं त्याच्याकडे बघत होती.

"चार पन्नासला काय म्हणतात तुमच्यात?"

"टेन टू फाइव्ह," शंका म्हणाली. "नाहीतर फोर फिफ्टी."

"आणि पाचला?"

"फाइव्ह ओ'क्लॉक. त्याला एकच आहे."

मामानं मान हलवली आणि तो गेला. चार पन्नास झाले. घंटा झाली नाही. अडतीस पेन्सिली वहीवर टेकून थांबल्या. चार एक्कावन्न झाले. व्हरांड्यात मामाच्या चपलांचा आवाज घंटेपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग घंटा झाली, नेहमीपेक्षा जोरात, आणि तिच्या पाठोपाठ पायऱ्या उतरत पळत जाणाऱ्या माणसाचा आवाज आला.

मुलांनी वर बघितलं. बाईंनीही बघितलं.

"लिहा," त्या म्हणाल्या, आणि लाल पेनाचं टोपण काढलं.